ब्रायडल मेकअप, रंगभूषा आणि स्किनकेअर: एकाच स्टुडिओतली तीन वेगळी कामं

नागपुरात नंदनवनसारख्या भागातल्या मेकअप स्टुडिओत आता एकाच छताखाली सगळं मिळू शकतं: ब्रायडल मेकअप, नाटक-गॅदरिंगची रंगभूषा आणि फेशियलसारखं स्किनकेअर. चेहरा तोच असला, तरी ही तीन कामं वेगळी आहेत. त्यातल्या तिसऱ्या कामात डोळे उघडे ठेवायला हवेत. का, ते समजून घेऊ.

ब्रायडल मेकअप आणि रंगभूषेत फरक काय?

नवरीचा चेहरा हातभर अंतरावरून आणि कॅमेऱ्यातून पाहिला जातो. त्यामुळे बेस त्वचेच्या रंगाशी जुळणारा आणि तासन्‌तास टिकणारा लागतो.

नाटकात शेवटच्या रांगेलाही भाव दिसायला हवेत. समोरून पडणाऱ्या प्रखर प्रकाशात नाक, गालफडं सपाट दिसतात. म्हणून रंगभूषाकार गडद आणि उजळ छटांनी चेहऱ्याला पुन्हा उठाव देतो. सुरकुत्या रेखाटणं, स्पिरिट गमने दाढी-मिशी चिकटवणं, विग बसवणं हेही त्याचंच काम.

विदर्भात या कामाला मागणी आहे. नंदनवनजवळच्या रेशीमबागेतल्या सुरेश भट सभागृहात 2019 मध्ये 99 वं नाट्यसंमेलन झालं. दिवाळीनंतर झाडीपट्टीत रात्रभर नाटकं रंगतात. वडसा हे त्यांचं मुख्य केंद्र.

महिलांना हे काम नाकारलं जायचं?

हो, सिनेमात. मुंबईतल्या संघटनेच्या नियमामुळे महिलांना हेअरड्रेसर म्हणून कार्ड मिळायचं, मेकअप आर्टिस्ट म्हणून नाही. चारू खुराना यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2014 मध्ये हा भेदभाव बेकायदा ठरवला.

मग धोका कुठे आहे?

पूर्वी रंगभूषेत मुर्दाडशिंग वापरायचे. ते म्हणजे शिशाचं ऑक्साईड, म्हणजे विषारी. आजच्या नियमांनुसार रंगासाठी शिसं किंवा आर्सेनिकची संयुगं सौंदर्यप्रसाधनात चालत नाहीत.

पण गोरं करणाऱ्या क्रीममधून पारा अजूनही येतो. तो मेलॅनिन तयार होऊ देत नाही, म्हणून त्वचा उजळ दिसते. मात्र तो त्वचेतून शरीरात जातो आणि किडनीला इजा करतो.

2023 मध्ये समोर आलेलं अकोल्याचं प्रकरण हेच सांगतं. एकाच कुटुंबातल्या तिघींच्या किडन्यांना सूज आली होती. तिघीही ब्युटीशियनकडून घेतलेली क्रीम वापरत होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या तपासणीत त्या क्रीममध्ये पाऱ्याचं प्रमाण प्रचंड आढळलं. भारतातल्या 2020 च्या नियमांनुसार क्रीममध्ये नकळत आलेला पाराही दहा लाखात एक भागापेक्षा जास्त चालत नाही.

स्टुडिओत जाताना काय पाहाल?

- डबीवर कंपनीचं नाव, परवाना क्रमांक, बॅच आणि एक्स्पायरी आहे का? लेबल नसलेली "घरी बनवलेली" क्रीम घेऊ नका.
- कार्यक्रमाच्या किमान एक दिवस आधी पॅच टेस्ट करून घ्या. स्पिरिट गम लावणार असतील तर नक्कीच.
- ब्रश, स्पंज धुतलेले आहेत का, हे बिनधास्त विचारा.
- क्लीनअप, फेशियल स्टुडिओत ठीक. पण इंजेक्शन, तीळ काढणं, स्टेरॉइड क्रीम यासाठी त्वचारोगतज्ज्ञाकडेच जा.
- गोरेपणाची क्रीम लावल्यावर पाय सुजले किंवा लघवीला फेस येऊ लागला, तर क्रीम लगेच थांबवा. डबी सोबत घेऊन डॉक्टरांना दाखवा.

थोडक्यात, मेकअप रात्री धुतला जातो. पारा धुतला जात नाही.