गाडीला झेनॉन बल्ब बसवताय? आधी हेडलाइटच्या आत काय असतं ते समजून घ्या

रात्रीचा हायवे. समोरून एक गाडी येते आणि तिच्या पांढऱ्याफटक प्रकाशाने दोन-तीन सेकंद काहीच दिसेनासं होतं. हा अनुभव तुम्हालाही आला असेलच. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी दोन सेकंदांत ३३ मीटर पुढे जाते. म्हणजे तेवढं अंतर आपण जवळजवळ आंधळेपणानेच कापतो.

असा प्रकाश फेकणाऱ्या बऱ्याच गाड्यांमध्ये एक गोष्ट सारखी असते. हेडलाइट हॅलोजनचा, पण आत बसवलेला बल्ब झेनॉनचा. बसवणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. त्याला फक्त रस्ता नीट दिसायला हवा असतो. मग चुकतं कुठे?

हॅलोजन आणि झेनॉनमध्ये फरक काय?

हॅलोजन बल्बमध्ये टंगस्टनची बारीक तार असते. वीज गेली की ती तापते आणि पिवळसर प्रकाश देते. कारमध्ये सर्रास दिसणारा एच७ बल्ब ५५ वॅट वीज घेऊन साधारण १५०० ल्युमेन प्रकाश देतो.

झेनॉन बल्बमध्ये तारच नसते. काचेच्या छोट्या कुपीत झेनॉन वायू आणि काही धातूंचे क्षार असतात. दोन टोकांमध्ये विजेचा झोत पेटतो आणि त्यातून पांढरा प्रकाश मिळतो. कंपनीतून येणारा ३५ वॅटचा डी२एस बल्ब साधारण ३२०० ल्युमेन देतो. म्हणजे वीज कमी आणि प्रकाश दुप्पट! बल्बचं आयुष्यही हॅलोजनपेक्षा बरंच जास्त.

हा झोत पेटवायला मात्र क्षणभर २० हजार व्होल्टच्या वर दाब लागतो. त्यासाठी बल्बसोबत बॅलास्ट नावाची छोटी पेटी येते. म्हणून चालू झेनॉन दिव्याच्या वायरिंगला हात लावणं धोक्याचं असतं.

१९९१ साली बीएमडब्ल्यूच्या ७ सीरिजमध्ये हे दिवे पहिल्यांदा आले आणि पुढे महागड्या गाड्यांची ओळख बनले.

मग नुसता बल्ब बदलला तर काय बिघडतं?

बल्ब प्रकाश तयार करतो, पण तो कुठे पडणार हे हेडलाइटमधला आरसा, म्हणजे रिफ्लेक्टर ठरवतो. हॅलोजनचा रिफ्लेक्टर त्या बारीक तारेची जागा आणि लांबी धरून घडवलेला असतो. तार किंचित सरकली तरी प्रकाश भलतीकडे जातो.

झेनॉनच्या झोताचा आकार तारेसारखा नसतो आणि त्यातलं तेजही वेगळ्या रीतीने पसरलेलं असतं. त्यामुळे डिपरवरही प्रकाश नीट कापला जात नाही. जो भाग खाली रस्त्यावर पडायला हवा, त्यातला काही वर उडून थेट समोरच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत जातो.

एच४ बल्ब वापरणाऱ्या गाड्यांमध्ये अडचण आणखी वाढते. या बल्बमध्ये अप्पर आणि डिपरसाठी दोन वेगळ्या तारा असतात. डिपरच्या तारेखाली धातूची छोटी वाटी असते, ती वर जाऊ शकणारा प्रकाश अडवते. झेनॉन किटमध्ये अनेकदा एकच कुपी पुढे-मागे सरकवून हे काम भागवलं जातं. ते मूळ रचनेइतकं अचूक होत नाही.

पण मला तर जास्त दिसतं!

तसं वाटतं खरं. गाडीच्या पुढचा १०-१५ मीटरचा पट्टा लख्ख उजळतो आणि पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. पण जवळचा रस्ता फार उजळला की डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबचा अंधार आणखी गडद होतो. वळणावरची म्हैस किंवा दिवे नसलेली ट्रॉली दिसायला हवी ती लांबच.

रंगाचंही तसंच. कंपनीच्या झेनॉनचा रंग साधारण ४३०० केल्व्हिन असतो. बाजारात ६००० आणि ८००० केल्व्हिनचे निळसर बल्ब ‘जास्त पॉवरफुल’ म्हणून विकले जातात. प्रत्यक्षात केल्व्हिन हे रंगाचं माप आहे, प्रकाशाचं नाही. तेवढ्याच वॅटमध्ये निळसर बल्ब उलट कमी प्रकाश देतो आणि समोरच्याला खुपतो मात्र जास्त.

कंपनीच्या गाड्यांना हा त्रास का होत नाही?

कारण तिथे बल्बसोबत अख्खा हेडलाइट झेनॉनसाठीच बनवलेला असतो. बहुतेक वेळा त्यात प्रोजेक्टर भिंग आणि प्रकाश कापणारा पडदा असतो. युरोपात तर २००० ल्युमेनपेक्षा तेजस्वी बल्बच्या डिपरसोबत दिव्याची उंची आपोआप जुळवणारी यंत्रणा आणि काच धुणारा फवारा सक्तीचा केला गेला. मागे सामान भरलं की गाडीचं नाक वर होतं, आणि काचेवरची धूळ प्रकाश विखुरते. दोन्ही वेळा त्रास समोरच्यालाच.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए खाली अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय वायर कापून किट जोडलं तर नव्या गाडीची वॉरंटी धोक्यात येते ती वेगळीच.

मग उजेड वाढवायचा कसा?

आधी आहे तो हेडलाइट तपासा.

• काच पिवळी पडली असेल तर पॉलिश करून घ्या. पिवळ्या काचेमागे कुठलाही बल्ब कमीच पडतो.
• विंडशील्ड आतूनही पुसा.
• जुने बल्ब जोडीनेच बदला. वॅट तेवढेच ठेवा, पण चांगल्या कंपनीचे घ्या. नवा बल्ब बसवताना काचेला बोट लावू नका. बोटाच्या तेलकटपणाने तो लवकर जातो.
• बल्बपर्यंत पूर्ण व्होल्टेज पोचतं का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासा. जुन्या वायरिंगमुळेही प्रकाश मंदावतो.
• दिव्यांचा नेम बघा. सपाट जागेवर भिंतीपासून ५ मीटरवर गाडी उभी करा. डिपरच्या प्रकाशाची वरची कडा दिव्याच्या उंचीपेक्षा साधारण ५ सेंटिमीटर खाली हवी.
• डॅशबोर्डवर ० ते ३ आकड्यांचं चाक असेल तर मागे माणसं किंवा सामान असताना आकडा वाढवा. प्रकाश खाली येतो.

एवढं करूनही उजेड कमी वाटला, तर बल्ब नव्हे, त्याच मॉडेलसाठी कंपनीने बनवलेला पूर्ण हेडलाइट मिळतो का ते अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारा आणि तो बसवणं नियमात बसतं का याची आरटीओत खात्री करा. हॅलोजनच्या जागी एलईडी बल्ब बसवायचा विचार असेल तर तिथेही हेच लागू आहे.

शेवटी, समोरून येणाऱ्या ड्रायव्हरला आपली गाडी आणि तिच्या बाजूचा रस्ता दोन्ही दिसले, तरच आपणही सुरक्षित. नवे दिवे बसवायला निघालेला एखादा मित्र असेल तर त्याला हे जरूर वाचायला द्या.