खालची खूण, वरची नक्षी

तेल आणि पाणी कितीही ढवळले, तरी थोड्या वेळाने वेगळे होतात. पण तेलाचा प्रत्येक रेणू पाण्याच्या एकेका रेणूशी कायमचा बांधलेला असता तर? वेगळे होण्याची ओढ राहील, पण दूर जाता येणार नाही. मग दोघांचे अगदी अरुंद पट्टे एकाआड एक तयार होतील.

‘ब्लॉक कोपॉलिमर’ या पदार्थात असेच घडते. एकमेकांत न मिसळणाऱ्या दोन बहुवारिकांच्या साखळ्या त्यात टोकाला टोक जोडलेल्या असतात. १९५६ साली अमेरिकेत मायकेल श्वार्त्स यांनी ‘जिवंत’ बहुवारिकीकरण दाखवून दिले. त्यात साखळीचे टोक क्रियाशील राहते. पहिला कच्चा माल संपल्यावर दुसरा घातला, की तीच साखळी पुढे वाढते. त्यामुळे ठरावीक लांबीचे असे रेणू बनवता येऊ लागले.

पट्ट्यांची रुंदी रेणूच्या लांबीवरून ठरते. ती काही दशक नॅनोमीटर असते. दिशा मात्र रेणू ठरवत नाही. म्हणून सपाट पृष्ठभागावरील पातळ थरात पट्टे बोटांच्या ठशासारखे वेडीवाकडी वळणे घेतात. संगणकाच्या चिपसाठी अशी नक्षी निरुपयोगी.

उपाय पृष्ठभागातच सापडला. १९९७ साली टॉमस रसेल आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की दोन्ही घटक मिसळलेल्या साखळ्यांचा लेप दिला, तर पृष्ठभागाची ‘आवडनिवड’ हवी तशी जुळवता येते. २००१ मध्ये कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथे एडवर्ड क्रेमर यांच्या गटाने उथळ चर कोरले. चराच्या भिंतींना धरून कोपॉलिमरचे सूक्ष्म गोल रांगेत बसले. २००३ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात पॉल नीली आणि हुआन द पाब्लो यांच्या गटाने चर न कोरता केवळ रासायनिक रेघा आखल्या. रेघांमधील अंतर रेणूंच्या नैसर्गिक अंतराशी जुळले, तेव्हा पट्टे निर्दोष सरळ आले. ते जुळले नाही, तेव्हा दोष उमटले.

२००८ साली त्याहून नवलाची गोष्ट दिसली. खुणा विरळ ठेवल्या, तरी मधल्या जागा थराने स्वतःच भरल्या आणि एका खुणेमागे चार ठिपके मिळाले. म्हणजे पृष्ठभागाने सारा नकाशा सांगण्याची गरज नव्हती. दिशा पृष्ठभागाने दिली, अंतर रेणूंनी राखले.

तरीही अब्जावधी ठिपक्यांत थोडेच दोष चिप वाया घालवतात. चिप-उद्योगाने अत्यंत तोकड्या, १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील किरणांची वाट धरली. निसर्ग नक्षी स्वतः काढतो. पण ती एकही चूक न होता कशी काढून घ्यावी, या प्रश्नावर अजून काम चालू आहे.