जुन्या आवृत्तीचा आश्रय

संगणकीय खेळांचे रचनाकार साधनाची जुनी आवृत्ती सोडीत नाहीत, याचे कारण केवळ सवयीत शोधणे सयुक्तिक नव्हे. नव्या आवृत्तीत अर्धवट खेळाची आज्ञावली कित्येकदा निकामी होते, हे खरे. परंतु ‘युनिटी’च्या इतिहासात दुसरेही कारण आढळते. १२ सप्टेंबर २०२३ रोजी या कंपनीने उत्पन्नाची व वापराची ठराविक मर्यादा ओलांडणाऱ्या खेळांवर प्रत्येक नव्या इन्स्टॉलमागे शुल्क जाहीर केले. पूर्वप्रकाशित खेळही त्यातून सुटले नव्हते. तीव्र विरोधानंतर, २२ सप्टेंबरला, ते २०२४ च्या व त्यापुढील आवृत्त्यांपुरतेच मर्यादित करण्यात आले. सप्टेंबर २०२४ मध्ये ते रद्दही झाले. तथापि मधल्या वर्षभरात जुनी आवृत्ती राखणे म्हणजेच जुन्या अटी राखणे होते, हे ध्यानात घेतले पाहिजे.