दापोडीचे नौकानयन केंद्र आणि ऑलिंपिक

पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीतील दापोडी येथे सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात भारतीय लष्कराचे नौकानयन प्रशिक्षण केंद्र आहे. 'आर्मी रोइंग नोड' या नावाने ते क्रीडाक्षेत्रात परिचित आहे. रिओ (२०१६), टोकियो (२०२०) आणि पॅरिस (२०२४) या लागोपाठच्या तीन ऑलिंपिक स्पर्धांत भारतातर्फे वल्ही मारणारे खेळाडू याच केंद्रात तयार झाले. भारताला या खेळात ऑलिंपिक पदक अद्याप मिळालेले नाही. ज्या प्रकारात आजवरचा सर्वोत्तम क्रमांक मिळाला, तो प्रकारही २०२८ च्या लॉस एंजेलिस स्पर्धेतून वगळण्यात आला आहे. त्यामुळे ऑलिंपिकच्या दृष्टीने केंद्राला आपली दिशा नव्याने ठरवावी लागत आहे.

प्रस्तुत लेखात 'नौकानयन' हा शब्द वल्ह्यांनी चालवायच्या शर्यतीच्या होड्यांसाठी, म्हणजे रोइंगसाठी, वापरला आहे. शिडाच्या होड्यांच्या शर्यती हा निराळा खेळ आहे. तसेच दापोडी या गावाची रत्नागिरी जिल्ह्यातील दापोलीशी गल्लत करू नये.

स्थान व पार्श्वभूमी

दापोडी हे पुणे-मुंबई महामार्गावर, मुळा आणि पवना या नद्यांच्या संगमाजवळ वसलेले आहे. नदीपलीकडे बोपोडी व खडकी आहे. सैनिकी अभियांत्रिकीचे शिक्षण देणारी संस्था १९४३ मध्ये रुडकी येथे सुरू झाली. १९४८ मध्ये ती दापोडीस आली आणि १९५१ मध्ये तिला महाविद्यालयाचा दर्जा मिळाला. तिच्या विस्तीर्ण आवारातील जलमार्गावर ऑलिंपिकला लागणाऱ्या दोन किलोमीटर अंतराचा सराव करता येतो. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धाही येथे अनेकदा भरल्या आहेत.

पुण्यात या खेळाची परंपरा याहून जुनी आहे. रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८ पासूनचा, तर अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब १९२८ पासूनचा. महाविद्यालयाचा 'रेगाटा' हा पुणेकरांच्या परिचयाचा वार्षिक सोहळा आहे. मात्र ही परंपरा हौसेची आणि महाविद्यालयीन वर्षांपुरती राहिली. ऑलिंपिकचा विचार करणारी शिस्तबद्ध व्यवस्था लष्कराने उभी केली. २००१ मध्ये लष्कराने 'मिशन ऑलिंपिक' हा कार्यक्रम हाती घेतला आणि पुण्यात आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटची स्थापना झाली. दापोडीचे केंद्र याच धोरणाचा भाग आहे.

खेळाचे स्वरूप

शर्यतीची एकेरी होडी सुमारे आठ मीटर लांब असून नियमानुसार तिचे वजन किमान १४ किलो असावे लागते. खेळाडू सरकत्या आसनावर पाठमोरा बसतो, म्हणजे ज्या दिशेला होडी जाते त्या दिशेला त्याची पाठ असते. पाहणाऱ्याला हा हातांचा खेळ वाटतो, परंतु बळाचा मोठा वाटा पायांचा असतो. दोन हजार मीटर अंतर सुमारे सात मिनिटांत कापताना खेळाडूला दोनशेहून अधिक वेळा वल्ही ओढावी लागतात. दोन्ही हातांत एकेक वल्हे असल्यास त्या प्रकारास 'स्कल्स' म्हणतात. उंच खेळाडूचे हातपाय लांब असल्याने वल्ह्याचा एकेक फेरा लांब पडतो. त्यामुळे जागतिक पातळीवरचे एकेरीतील विजेते बहुधा साडेसहा फुटांच्या आसपास उंचीचे असतात. रिओतील विजेता न्यूझीलंडचा माहे ड्रायस्डेल आणि पॅरिसमधील विजेता जर्मनीचा ऑलिव्हर झाइडलर ही याची ठळक उदाहरणे होत.

ऑलिंपिकमधील अंतिम शर्यती श्रेणीनुसार होतात. 'अ' शर्यतीत पहिले सहा क्रमांक ठरतात, 'ब' मध्ये सातवा ते बारावा, 'क' मध्ये तेरावा ते अठरावा, याप्रमाणे. भारताची कोणतीही होडी अद्याप 'अ' शर्यतीत पोहोचलेली नाही. हा तपशील ध्यानात न घेतल्यास 'अंतिम शर्यतीत पहिला' अशा मथळ्यांनी वाचकाचा गैरसमज होतो.

ऑलिंपिकमधील वाटचाल

भारताने ऑलिंपिक नौकानयनात पहिले पाऊल २००० मध्ये सिडनी येथे टाकले. त्या वेळी कासम खान व इंदरपाल सिंग ही जोडी उतरली होती. २००४ मध्ये अथेन्सला पॉलोस पंडारी कुन्नेल एकेरीत खेळला. २००८ मध्ये बीजिंगला एकेरीत बजरंगलाल ताखर आणि कमी वजनगटाच्या दुहेरीत देवेंदरकुमार खंडवाल व मनजीत सिंग होते. २०१२ मध्ये लंडनला स्वर्ण सिंग एकेरीत सोळावा आला, तर मनजीत सिंग संदीप कुमारसोबत पुन्हा दुहेरीत उतरला.

रिओत भारताची एकच होडी होती. ती नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्याच्या तळेगाव रोही गावच्या दत्तू भोकनळची. चांदवड हा अवर्षणाचा भाग. दत्तूचे वडील विहिरी खोदण्याचे काम करीत. २०११ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर घराची जबाबदारी दत्तूवर आली. त्याने पेट्रोल पंपावर काम केले आणि २०१२ मध्ये तो खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये भरती झाला. तोपर्यंत त्याने शर्यतीची होडी हाती धरलेली नव्हती आणि आरंभी त्याला पाण्याचे भयही वाटे. प्रशिक्षक कुदरत अली यांनी त्याची उंची हेरून त्याला या खेळाकडे वळवले. पुढे तो दापोडीच्या केंद्रात दाखल झाला. २०१५ मध्ये बीजिंग येथील आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत त्याला रौप्यपदक मिळाले आणि एप्रिल २०१६ मध्ये दक्षिण कोरियातील चुंगजू येथे त्याने रिओची पात्रता मिळवली. होडी प्रथम हाती घेतल्यापासून चार वर्षांत तो ऑलिंपिकला पोहोचला. अपघातात जबर जखमी झालेली त्याची आई त्या काळात अंथरुणाला खिळलेली होती.

रिओत तो उपांत्यपूर्व शर्यतीत चौथा आला. पुढे जाण्याची संधी पहिल्या तिघांनाच होती. त्यानंतर 'क' शर्यत ६ मिनिटे ५४.९६ सेकंदांत जिंकून त्याने एकूण तेरावा क्रमांक मिळवला.

२०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत दत्तूच्या वाट्याला दोन टोकांचे अनुभव आले. एकेरीच्या अंतिम शर्यतीत प्रकृती बिघडल्याने तो मागे पडला, आणि दुसऱ्याच दिवशी स्वर्ण सिंग, ओमप्रकाश व सुखमीत सिंग यांच्यासह चौघांच्या स्कल्समध्ये त्याने सुवर्णपदक जिंकले. त्या एकेरी शर्यतीवरून राष्ट्रीय महासंघाने २०१९ मध्ये त्याच्यावर दोन वर्षांची बंदी घातली. जानेवारी २०२० मध्ये ती उठवण्यात आली. तथापि टोकियोच्या तयारीचा ऐन काळ त्यात गेला. २०२० मध्ये त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला.

टोकियोत अर्जुनलाल जाट व अरविंद सिंग ही जोडी कमी वजनगटाच्या दुहेरी स्कल्समध्ये अकरावी आली. भारताचा हा आजवरचा सर्वोत्तम क्रमांक होय. पॅरिसमध्ये हरयाणातील कर्नालचा बलराज पन्वर एकेरीत तेविसावा आला. आतापर्यंत एकही भारतीय महिला ऑलिंपिक नौकानयनात उतरलेली नाही, ही उणीव सहसा चर्चेत येत नाही.

क्रमांक आणि अंतर

क्रीडारसिक सामान्यतः क्रमांकावरून प्रगती मोजतात. त्या हिशेबाने तेराव्यावरून अकराव्यावर येणे ही प्रगती ठरते. परंतु टोकियोच्या दुहेरीत एकूण अठराच होड्या होत्या, तर रिओच्या एकेरीत बत्तीस. घड्याळ निराळेच सांगते. रिओत कांस्यपदक मिळवणाऱ्या चेक प्रजासत्ताकाच्या ओंद्रेय सिनेकची वेळ ६ मिनिटे ४४.१० सेकंद होती, म्हणजे दत्तू त्याच्याहून सुमारे ११ सेकंद मागे होता. टोकियोत कांस्य जिंकणाऱ्या इटलीने ६ मिनिटे १४.३० सेकंद, तर भारतीय जोडीने 'ब' शर्यतीत ६ मिनिटे २९.६६ सेकंद घेतले. हा फरक १५ सेकंदांहून अधिक आहे. पाण्यावर मोजल्यास रिओतील अंतर सुमारे ५२ मीटर आणि टोकियोतील सुमारे ७९ मीटर भरते. शर्यती निरनिराळ्या असल्याने ही तुलना काटेकोर नाही. तरी दुष्काळी गावातून चार वर्षांत तयार झालेला खेळाडू पदकाच्या अधिक जवळ होता, हे या आकड्यांवरून मान्य करावे लागते.

आशियाई पातळीवर चित्र उत्साहवर्धक आहे. २०१० मध्ये ग्वांगझू येथे बजरंगलाल ताखरने एकेरीत सुवर्ण जिंकले. आशियाई क्रीडा स्पर्धांतील भारताचे नौकानयनातील ते पहिले सुवर्ण होते. २०२३ मध्ये हांगझू येथे दोन रौप्य व तीन कांस्य अशी पाच पदके मिळाली आणि बलराज एकेरीत चौथा आला. याच आशेवर ऑलिंपिकच्या आधी अपेक्षा उंचावतात. परंतु या खेळाचे खरे बळ युरोप व न्यूझीलंडमध्ये आहे, आणि आशियाई पदकावरून ऑलिंपिकचा अंदाज बांधणे फसवे ठरते.

वय हा दुसरा मुद्दा. भारतीय खेळाडू बहुधा लष्करात भरती झाल्यावर, म्हणजे विशीच्या आसपास, प्रथम होडीत बसतो. टोकियो व पॅरिस येथे कमी वजनगटाची दुहेरी जिंकणारे आयर्लंडचे पॉल ओ'डोनोव्हन व फिंटन मॅकार्थी हे स्किबरीन या जेमतेम तीनेक हजार वस्तीच्या गावातील क्लबचे. तेथे गावातील मुले शाळकरी वयातच वल्ही हाती घेतात. दापोडीत जलमार्ग लष्करी हद्दीत असून तेथे परवानगीविना प्रवेश नाही. बाहेरच्या मुळा-पवनेचे पात्र सांडपाण्याने दूषित झालेले आहे आणि उन्हाळ्यात ते जलपर्णीने झाकले जाते. ऑलिंपिकपटू घडवणाऱ्या गावातील मुलांना हा खेळ पाहावयासही मिळू नये, हा विरोधाभासच होय. लष्कराच्या बॉइज स्पोर्ट्स कंपन्यांतून कोवळ्या वयाची मुले निवडली जातात. परंतु हा मार्ग अर्थातच अरुंद आहे.

वजनगटाचा प्रश्न

कमी वजनगट ऑलिंपिक नौकानयनात १९९६ मध्ये अटलांटा येथे आला. पुरुषांच्या दुहेरीत कोणाचेही वजन ७२.५ किलोहून अधिक आणि जोडीची सरासरी ७० किलोहून अधिक चालत नसे. ज्या देशांतील लोकांचा बांधा तुलनेने लहान, त्यांनाही संधी मिळावी हा त्यामागील हेतू होता.

वजनगटांचे महत्त्व महाराष्ट्रास वेगळे सांगावयास नको. १९५२ मध्ये हेलसिंकी येथे खाशाबा जाधव यांनी स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक मिळवले, ते कुस्तीच्या बँटमवेट गटात. त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूस वैयक्तिक पदकासाठी ७२ वर्षे थांबावे लागले आणि २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्य जिंकले. त्या खेळात उंचीचा प्रश्नच येत नाही. फिलिपिन्सचा अनुभवही असाच. १९२४ पासून ऑलिंपिकला जाणाऱ्या त्या देशाला पहिले सुवर्ण २०२१ मध्ये हिडिलिन डियाझने मिळवून दिले, ते वेटलिफ्टिंगच्या ५५ किलो गटात.

पॅरिसनंतर नौकानयनातील कमी वजनगट बंद झाला. त्याऐवजी सागरकिनाऱ्यावरील 'बीच स्प्रिंट' हा प्रकार घेण्याचा निर्णय आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतील बैठकीत पक्का केला. २०००, २००४ आणि २०१६ वगळता २०२० पर्यंतच्या प्रत्येक ऑलिंपिकमध्ये भारताची एक होडी याच गटात होती. आता ७० किलो वजनाच्या भारतीय खेळाडूस झाइडलरसारख्यांशी थेट स्पर्धा करावी लागेल.

२०२८ ची शक्यता

लॉस एंजेलिस स्पर्धेतील शर्यती लाँग बीच येथील मरीन स्टेडियममध्ये होणार असून तेथील जागेच्या मर्यादेमुळे अंतर दोन हजारऐवजी पंधराशे मीटर राहील. शर्यत आखूड झाल्याने सुरुवातीच्या जोराला महत्त्व येईल. ते दमदार पण सावकाश वेग घेणाऱ्या खेळाडूंना प्रतिकूल आहे. भारतास खुल्या गटात उंच मुले शोधण्यावाचून पर्याय नाही. रिओतील अनुभव पाहता हा मार्ग अशक्य नाही, मात्र शोध भरतीच्या रांगेपर्यंत न थांबता शाळांपर्यंत जावा लागेल.

बीच स्प्रिंटमध्ये खेळाडू वाळूवरून धावत जाऊन होडीत बसतो, बोयांना वळसे घालीत २५० मीटर समुद्रात जातो, परत येतो आणि पुन्हा धावत अंतिम रेषा गाठतो. लाटा ओळखण्याचे कौशल्य येथे उंचीइतकेच कामी येते. महिला एकेरी, पुरुष एकेरी आणि मिश्र दुहेरी अशा तीन शर्यती आहेत. दापोडीच्या स्थिर पाण्यावर याचा सराव होणे कठीण. त्यासाठी कोकणचा किनाराच हवा, आणि तेथे लहानपणापासून होड्यांत वावरणारी मुले आहेत. भारतीय महिलांच्या ऑलिंपिक पदार्पणासही हा प्रकार अधिक सोयीचा ठरू शकतो.

दिव्यांग नौकानयन

जम्मू-काश्मीरमध्ये २०१५ साली सुरुंगाच्या स्फोटात डावा पाय गमावलेले आंध्र प्रदेशातील जवान नारायण कोंगनापल्ले यांची या खेळाशी ओळख पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात उपचार घेताना झाली आणि त्यांनी दापोडीत सराव केला. राजस्थानची अनिता हिच्यासह त्यांनी २०२३ मध्ये हांगझूच्या आशियाई पॅरा क्रीडा स्पर्धेत मिश्र दुहेरीचे रौप्यपदक मिळवले. २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये ही जोडी आठवी आली.