नजर बसलेली माणसं

मुळशी म्हटलं की धरण, ताम्हिणी आणि पावसाळ्यातलं ट्रॅफिक आठवतं. त्याच तालुक्यात हिंजवडीला कोड लिहिलं जातं आणि पिरंगुटला गाड्यांचे पार्ट बनतात.

1921 मध्ये सेनापती बापटांसोबत इथले शेतकरी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रहात उतरले. धरण झालंच. गावं बुडाली, पाणी कोकणात भिऱ्याला उतरलं, वीज मुंबईला गेली. पुण्याभोवती वाहन कारखानदारी वाढली ती 1960 नंतर: पिंपरीत टेल्को, आकुर्डीत बजाज, मुंढव्यात भारत फोर्ज. त्यांच्यामागून छोटे सप्लायर आले, आणि प्रत्येकाकडे लाइनच्या शेवटी एक टेबल आलं, फायनल इन्स्पेक्शनचं.

या टेबलावर माप तपासणं तसं सोपं. भोकासाठी प्लग गेज असतो. ‘गो’ बाजू आत गेली पाहिजे, ‘नो-गो’ जाता कामा नये. विषय संपला. पण ओरखड्याला, ब्लोहोलला असा गेज नाही. तिथे ‘लिमिट सॅम्पल’ लागतो: कस्टमरने मान्य केलेला, ‘इतपत खराब चालेल’ असा पार्ट. तो शेजारी ठेवून माणूस पाळीभर बाकीचे पाहत बसतो. क्रॅकसाठी पार्टला चुंबकत्व देऊन त्यावर चमकणारे लोहकण मिसळलेलं द्रव सोडतात आणि अंधाऱ्या बूथमध्ये अतिनील दिव्याखाली बघतात. क्रॅकवर कण गोळा होतात, हिरवट-पिवळी रेघ उजळते. गंमत अशी की धारदार कोपऱ्यांवरही कण साचतात. खरी रेघ कुठली, हे कळायला नजर बसावी लागते. ती बसायला किती पाळ्या लागतात, ते कुठल्याच ड्रॉइंगवर लिहिलेलं नसतं.

यंत्राला डोळे देण्याची खटपट जुनी आहे. 1970च्या दशकात जनरल मोटर्सने ‘कॉनसाइट’ बनवलं. तपासणी नव्हे, फक्त पट्ट्यावरचा पार्ट ओळखून रोबोकडून उचलून घ्यायचा. फाउंड्रीत पार्ट आणि पट्टा दोन्ही काळपट, कॅमेऱ्याला फरक कळेना. मग त्यांनी तिरक्या कोनातून पट्ट्यावर प्रकाशाची रेघ पाडली. पार्ट आला की रेघ सरकते. आकार त्यावरून काढायचा. मला हा उपाय फार आवडतो. आजही आमचा बराचसा वेळ कोडपेक्षा लाइटिंगमध्येच जातो.

1981 मध्ये कॉग्नेक्स सुरू झाली, मशीन व्हिजन हा धंदा झाला. पण नियम माणूसच लिहायचा: इतक्या पिक्सेलपेक्षा मोठा काळा डाग म्हणजे रिजेक्ट. 2012 मध्ये अ‍ॅलेक्सनेटने इमेजनेट स्पर्धा जिंकली आणि वारं फिरलं. आता नियमांऐवजी उदाहरणं द्यायची. चांगले फोटो, वाईट फोटो.

वाईट फोटो आणायचे कुठून? चांगल्या कारखान्यात खराब पार्ट कमीच निघतात. मी काम केलेल्या एका प्रोजेक्टमध्ये आम्ही लाल बिनमधले पार्ट गोळा करून फोटो काढले. काळी रेघ तेलाची की क्रॅकची, आम्हा इंजिनिअर मंडळींना सांगता येईना. शेवटी टेबलावरच्या ताईंना बोलावलं. त्यांनी पार्ट उजेडात तिरका धरला, अंगठ्याने पुसला आणि डावी-उजवीकडे ठेवत गेल्या. आम्ही मागोमाग लेबलं लावली. मॉडेलच्या कागदपत्रांत आमची सगळ्यांची नावं आहेत, त्यांचं नाही. कॅमेरा बसल्यावर त्या टेबलावर तीनऐवजी एकच माणूस लागेल, हे प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर होतं. त्यांना ते कुणी सांगितलं नव्हतं.