चाक जखडणारा ब्रेक

ब्रेक म्हटला की धावत्या वाहनाला थांबविणारे साधन, एवढाच अर्थ सामान्यतः आपल्या मनात येतो. परंतु जिला बसण्याचे आसन नसते आणि जी वाट कापण्यापेक्षा खडकावर, ओंडक्यावर अथवा कठड्याच्या काठावर निश्चल उभी राहण्यासाठीच घडविलेली असते, त्या ट्रायल सायकलीच्या स्वाराला ब्रेककडून निराळीच सेवा घ्यावयाची असते. मागच्या एकाच चाकावर तोल सावरीत तो जागच्या जागी उड्या घेतो, एका शिळेवरून दुसरीवर झेपावतो, आणि प्रत्येक वेळी खाली आदळणारे चाक कधी पुढे, तर कधी मागे फिरू पाहते. ते केसभर जरी सरकले तरी तोल गेलाच. या केसभर सरकण्याचा बंदोबस्त कसकसा होत गेला, ती ही कुळकथा.

'ट्रायल' हा शब्द कानी पडताच आपल्याला कोर्टकचेरी आठवते, आणि ते अगदीच अस्थानी नाही. कारण या खेळाचा उगमही परीक्षेतच आहे. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात मोटारसायकलींचा टिकाऊपणा पारखण्यासाठी ज्या चाचण्या होत, त्यांतील सहा दिवसांची प्रख्यात चाचणी १९०९ सालापासूनची. तीत हळूहळू वेगाचे महत्त्व मागे पडले आणि ओढ्यातून, दगडधोंड्यांतून पाय जमिनीला न लावता कोण निभावून जातो, याला मोल आले. १९६५ साली सॅमी मिलर याने स्पेनमध्ये बनलेल्या बुल्टाकोवर ती चाचणी जिंकली, तेव्हापासून या विद्येचे माहेर जणू कॅटालोनियात हलले. बार्सिलोनाच्या माँटेसा कारखान्याने १९६८ साली 'कोटा' ही ट्रायल मोटारसायकल बाजारात आणली, आणि तिच्या घडणीत ज्याचा मोठा वाटा होता तो पेरे पी नामक स्वार आपल्या ओत या मुलाला हाच खेळ सायकलीवर शिकवू लागला. इंजिनाच्या गाडीवर बापाने जे करावे ते मुलाने पायांच्या बळावर करावे, अशा या घरगुती शिक्षणातून नवा खेळ उदयास आला. स्पॅनिश लोकांनी त्याला 'ट्रियालसिन' असे नाव दिले. 'सिन' म्हणजे विना. आपल्या 'बिनशर्त' शब्दातील 'बिन' जे काम करतो, तेच काम हा 'सिन' करतो. बिनइंजिनाची ट्रायल, असा त्याचा सरळ अर्थ. ओत पुढे विश्वविजेता झाला आणि पेरे पी याने 'माँटी' या नावाने अशा सायकली काढल्या.

मोटारसायकलीवरून खेळ तर उचलला, पण ब्रेक उचलता येईना. त्या काळच्या सायकलीचा ब्रेक म्हणजे तारेने ओढले जाणारे दोन बाहू आणि त्यांच्या टोकांचे रबर. बोट दाबले की तार थोडी ताणली जाई, तिच्यावरचे वेष्टण थोडे आक्रसे, बाहू थोडे वाकत, आणि बोटांच्या जोराचा बराचसा हिस्सा वाटेतच गहाळ होऊन उरलेला काय तो रिमपर्यंत पोहोचे. उतारावर वेग कमी करावयास तेवढा पुरतो, मात्र स्वाराचे सारे वजन आदळत असताना चाक जखडून धरावयास पुरत नाही.

उपाय निघाला तो जर्मनीत, आणि तोही भलत्याच कारणासाठी. गॉटलीब मागेनविर्थ याने १८९३ साली उराख गावी स्थापलेला कारखाना, ज्याचे 'मागुरा' हे नाव मालकाच्या आणि गावाच्या नावांची आद्याक्षरे जोडून बनले आहे, मोटारसायकलींची लिव्हरे करण्यात मुरलेला होता. १९८७ साली त्याने सायकलीच्या रिमवर चालणारा तेलाचा ब्रेक बाजारात आणला. तेल दाबले जात नाही, म्हणून लिव्हरपाशी दिलेला दाब नळीतून जसाच्या तसा पलीकडे जातो आणि रिमच्या दोन्ही बाजूंस समोरासमोर बसविलेले दोन छोटे दट्टे रबरासह सरळ पुढे सरकतात. लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या सायकलस्वारांना हा ब्रेक आवडला, यात नवल नाही; पण त्याचे खरे चीज झाले ते ट्रायलवाल्यांच्या हाती. त्यांनी दाबला तेव्हा तो इतक्या जोराने दाबला, की सायकलीच्या चौकटीचे मागचे दोन दांडेच फाकू लागले, आणि मग ते फाकू नयेत म्हणून चाकावरून नालाच्या आकाराची धातूची कमान बसविण्याची रीत पडली.

तरीही गुळगुळीत ॲल्युमिनियमवर रबर घसरेच. कोणी रिमला डांबराचा हलका हात दिला, ज्याने पकड वाढते खरी, पण ओल लागली की ती दगा देते. अखेर या मंडळींनी जे केले ते पाहून जुन्या सायकलवाल्याच्या अंगावर काटाच यावा: नव्या कोऱ्या रिमवर त्यांनी ग्राइंडर चालविला. मी स्वतः पहिल्यांदा ते केले तेव्हा हात कापत होता. चाक संथ फिरवीत ठेवावे, ग्राइंडरची चकती तिरपी आणि हलकी टेकवावी, जोर देऊ नये. मग रिमच्या भिंतीवर जवळजवळ, तिरक्या, उथळ चऱ्यांची नक्षी उमटत जाते. खोल चरे काढण्याचा मोह आवरावा, कारण ती भिंत मुळातच पातळ असते आणि चरे बोथटले की ग्राइंडर पुन्हा चालवावाच लागतो. अशा रिमवर ब्रेकचे रबर पाहता पाहता झिजते आणि ब्रेक असा किंकाळतो की रस्त्यावरची माणसे वळून पाहतात; पण पकड मात्र तत्क्षणीची असते. पुढच्या चाकाला हल्ली बहुधा चकतीचा ब्रेक येतो, ज्याच्या घडणीत लँकेशायरमधील बार्नोल्ड्सविक गावच्या 'होप' कारखान्याचा लौकिक मोठा आहे. मागे मात्र खरडलेली रिम आणि तेल ही जोडी अनेकांनी सोडलेली नाही.

या तेलाची निगा म्हणजे मुख्यतः हवेशी वैर. आपले मिस्त्री ज्याला 'ब्रेकची हवा काढणे' म्हणतात ते काम येथे दोन सिरिंजांनी होते: खालच्या दट्ट्यापाशी एक लावून तीतून निळे तेल सावकाश वर ढकलावे आणि लिव्हरपाशी लावलेल्या दुसरीत बुडबुडे येऊन फुटू द्यावेत. मी एकदा घाई केली, एक बुडबुडा आत राहिला, आणि दुसऱ्या दिवशी दगडावर असताना लिव्हर थेट हँडलला जाऊन टेकले. त्या दिवसाची खूण नडगीवर अजून आहे. मोटारीच्या ब्रेकचे द्रव या ब्रेकमध्ये कदापि घालू नये, त्याने आतील रबरी कड्या फुगून निकामी होतात. ब्रिटनमधील काही स्वार तेलाऐवजी पाणी भरतात. पाणी अधिक पातळ असल्याने लिव्हर हलके चालते. थंडीत ते गोठते, म्हणून त्यात मोटारीच्या रेडिएटरचे गोठणरोधक मिसळतात.

सर्व जोडून झाल्यावर एकच बोट लिव्हरवर ठेवून सायकल आधी पुढे रेटावी आणि मग मागे. पुढे रेटताना बहुतेक ब्रेक शहाण्यासारखे वागतात. मागे रेटताना कोठे बारीकसा 'टक्' आवाज आला, तर दट्टे धरणाऱ्या पकडीचा एखादा बोल्ट सैल आहे असे समजावे, आणि तो शोधून आवळल्याखेरीज दगडाकडे वळू नये.