कोंड्याचा हिशेब

आमच्या गिरणीत गिऱ्हाईक कोंडा मागत नसे. भात आणायचं, भरडाईचे पैसे द्यायचे, तांदूळ घेऊन जायचं. कोंडा गिरणीवाल्याचा, ही रीत. 1961 साली बाबांनी अंबाडीच्या रस्त्याला पत्र्याच्या शेडमध्ये डिझेल इंजिनवर हलर बसवला. पहिल्या पाळीला तूस निघे, दुसऱ्या पाळीला कोंडा. तपकिरी, पिठासारखा बारीक, हाताला तेलकट लागणारा. आठवड्यातून एकदा तबेलेवाल्यांचा टेम्पो येई आणि पोती म्हशींकडे जात. माझ्या शाळेची फी त्या पोत्यांतून निघाली, हे मला तेव्हापासून ठाऊक आहे. त्या पोत्यांतून आणखी काय जात होतं, हे कळायला मला एमएस्सीपर्यंत थांबावं लागलं.

आज आमची भिवंडी म्हटलं की लोकांना यंत्रमाग आठवतात, नाहीतर गोदामं. त्याआधीची भिवंडी भाताची होती. कामवारीच्या काठाने, खाडीच्या खाजणापासून वज्रेश्वरीच्या डोंगरापर्यंत भातखाचरं. तांदूळ, गवत, लाकूड, सुकी मासळी हा इथला व्यापार, आणि भात सडून तांदूळ करणं हा इथल्या बायांचा धंदा. शेतकऱ्याच्या घरी घरच्या बाया सडत, सावकाराच्या वखारीत कांडपिणी येत. घिरटावर भात भरडायचं, सुपाने तूस पाखडायचं, मग उखळात मुसळाने सडायचं. एक सड दिला तर तांदूळ तांबूस राही, दोन दिले तर उजळ होई. पाहुण्यांसाठी तीन. मजुरी बहुतेक कण्यांत आणि कोंड्यात मिळे. म्हणजे गरीब कांडपिणीच्या चुलीवर कण्या शिजत, आणि कोंड्याची भाकरी थापली जाई. तिला ते गरिबीचं जेवण वाटे, आणि होतंही.

गिरणी आली तेव्हा या बायांचं काम एका हंगामात गेलं. मी हे ऐकीव सांगत नाही. आमच्या शेडसमोर दोन कांडपिणी उभ्या राहून इंजिनाकडे बघत होत्या, ते मी सहा वर्षांची असताना पाहिलंय. बाबांना त्याचं वाईट वाटलं, आणि तरीही त्यांनी हलर चालू ठेवला. सरकारलाही ही काळजी होती. गांधीजींनी 1934 साली वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ काढला, तेव्हापासून हातसडीचा तांदूळ हा त्यांच्या कामाचा भाग होता. पुढे 1958 साली भातगिरण्यांवर नियमन करणारा कायदा झाला आणि गिरणी उघडायला परवाना लागू लागला. तो परवाना बाबांनी काचेच्या चौकटीत लावला होता. हातसडी वाचवण्यासाठी केलेल्या कायद्याचा कागद हलरच्या वर टांगलेला, आणि त्यावर कोंड्याची धूळ.

आजीने मात्र घरातलं उखळ काढू दिलं नाही. 1964 मध्ये माझा धाकटा भाऊ जन्मला. घरात स्वतःची गिरणी, पांढऱ्याशुभ्र तांदळाची कणगी भरलेली, आणि आजी पहाटे उठून आईसाठी वेगळं भात सडत बसलेली. बाबा म्हणाले, “आये, कशाला हाडं मोडून घेतेस?” आजी म्हणाली, “बालंतीन हाय. गिरणीचा तांदूल तिला चालत नाय.” का चालत नाही, ते तिने सांगितलं नाही. सव्वा महिना आईला हातसडीच्या तांदळाची पेज मिळाली, पाणी न काढलेली.

का चालत नाही, याचं उत्तर शोधायला जगाला बरीच वर्षं लागली होती, आणि ते उत्तर कोंड्यातच सापडलं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटावर, बटावियात, क्रिस्तियान आइकमन नावाचा डच डॉक्टर बेरीबेरीचं कारण शोधत होता. पायांतली शक्ती जाते, हृदय फुगतं, माणूस मरतो. रोग जंतूंचा असावा असा सगळ्यांचा समज. त्याच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडले आणि काही महिन्यांनी आपोआप बरेही झाले. चौकशी केली तर कळलं की मधल्या काळात त्यांना लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला पॉलिशचा भात मिळत होता. नवा स्वयंपाकी आला आणि त्याने लष्कराचा भात कोंबड्यांना द्यायचं नाकारलं. कोंड्यासकट तांदूळ दिला की कोंबड्या उभ्या राहत. पुढे जावातल्या तुरुंगांची पाहणी झाली, तेव्हा पॉलिशच्या भाताच्या तुरुंगांत बेरीबेरी फार आढळली, कोंडा राखलेल्या तांदळाच्या तुरुंगांत क्वचितच.

कोंड्यातला तो पदार्थ वेगळा काढायला आणखी तीसेक वर्षं गेली. 1926 मध्ये यान्सेन आणि डोनाथ यांनी त्याचे स्फटिक मिळवले, तेही बटावियातच, तांदळाच्या कोंड्यातूनच. 1936 मध्ये रॉबर्ट विल्यम्सने त्याची रचना उलगडली आणि तो प्रयोगशाळेत घडवला. हा विल्यम्स जन्मला आपल्याकडे, नेल्लोरला, मिशनरी आईबापांच्या पोटी. कोंड्यावरचं काम त्याने 1910 मध्ये मनिलात सुरू केलं होतं. पदार्थाचं नाव थायमिन, म्हणजे ब-1 जीवनसत्त्व.

तो शरीरात नेमकं काय करतो, हे शिकवताना मी वर्गात नेहमी मागाचं उदाहरण देत असे, कारण समोरच्या अर्ध्या मुलांच्या घरी माग होते. भाताची साखर होते. ती साखर पेशीत तुटत तुटत पायरुव्हिक आम्लापर्यंत येते. इथून पुढे ते जाळून खरी शक्ती काढायची, तर थायमिनपासून बनलेला एक मदतनीस लागतो. तो नसेल तर सूत ढिगाने आलंय, पण धोट्याशिवाय कापड निघत नाही, तशी गत होते. पायरुव्हिक आणि लॅक्टिक आम्लं साठत जातात. ज्यांना अखंड शक्ती लागते, ते मेंदू, मज्जातंतू आणि हृदय आधी अडखळतात. ऑक्सफर्डमध्ये रुडॉल्फ पीटर्सने 1930 च्या दशकात हे कबुतरांवर दाखवलं. पॉलिशच्या तांदळावर ठेवलेल्या कबुतरांच्या माना मागे वळत. थायमिन दिलं की काही तासांत पक्षी सरळ उभे राहत. पोट भातानेच भरलं असेल तर थायमिन जास्त लागतं, कारण जाळायची साखरच जास्त असते. आणि आईच्या दुधात ते कमी पडलं तर बेरीबेरी अंगावरच्या बाळाला होते. आजीची सव्वा महिन्याची पेज मला हे एमएस्सीला शिकले त्या दिवशी, फोर्टातल्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या वर्गात बसल्या बसल्या, पहिल्यांदा कळली.

त्याच संस्थेत जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी शिकवत. मी गेले तेव्हा त्या निवृत्त झाल्या होत्या, पण त्यांचं नाव भिंतीभिंतीत होतं. माहेरच्या भागवत. 1933 साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी त्यांना मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत, आणि रामन यांना अटी घालून का होईना, दार उघडावं लागलं. दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम करून त्या केंब्रिजला गेल्या. तिथल्या जीवरसायन विभागाचे प्रमुख होते फ्रेडरिक हॉपकिन्स, ज्यांना 1929 चं नोबेल आइकमनबरोबर विभागून मिळालं होतं. बटावियाच्या कोंबड्यांची गोष्ट तिथे ताजी असणार. कमलाबाईंनी वनस्पतींच्या पेशींतलं सायटोक्रोम-सी शोधलं, म्हणजे अन्न जाळण्याच्या साखळीतली शेवटाकडची एक कडी, आणि 1939 मध्ये पीएचडी घेऊन परत आल्या. काही काळ कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत काढून 1947 नंतर मुंबईला.

मुंबईत त्यांनी जे विषय घेतले, ते आमच्या ठाणे जिल्ह्यातल्या स्वयंपाकघरांतलेच. शिंदीची आणि ताडाची नीरा, आदिवासी मुलांना आणि गरोदर बायांना ती द्यावी म्हणून. आणि कडधान्यं. पावटा, वाल, डबलबीन यांत ट्रिप्सिनला अडवणारा पदार्थ असतो, हे त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी 1950 च्या दशकात मोजून दाखवलं. ट्रिप्सिन म्हणजे आतड्यात प्रथिनं तोडणारं विकर. ते अडलं तर वालातलं प्रथिन पोटात जाऊनही अंगी लागत नाही. उष्णतेने हा अडसर बराचसा मोडतो. आमच्याकडे वाल रात्री भिजवतात, मोड आणतात, पुन्हा कोमट पाण्यात टाकून सोलतात, मग बिरडं चांगलं शिजवतात. मी हे वाचलं तेव्हा आजीला सांगायला ती नव्हती.

कुन्नूरच्या प्रयोगशाळेचं नाव घेतलं, तर तिथल्या आकड्यांबद्दलही सांगितलं पाहिजे, कारण माझ्या मते आपल्या देशात अन्नावर झालेलं ते सगळ्यात उपयोगी काम आहे. 1937 मध्ये वॉलेस आयक्रॉइड यांनी भारतीय अन्नपदार्थांची कोष्टकं छापली. प्रयोगशाळा पुढे हैदराबादला गेली, कोष्टकं वाढत गेली. माझ्याकडच्या प्रतीत शंभर ग्रॅमला थायमिन असं आहे: हातसडीचा तांदूळ 0.21 मिलिग्रॅम, गिरणीचा सुरय, म्हणजे न उकडलेला, तांदूळ 0.06, गिरणीचाच पण उकडा तांदूळ 0.21. तळकोकणातल्या उकड्या तांदळातलं थायमिन गिरणीत जाऊनही टिकतं, कारण उकडताना ते कोंड्यातून दाण्याच्या आत शिरतं. म्हणून हिंदुस्थानात बेरीबेरीचं माहेर म्हणजे आंध्रचा किनारा, जिथे सुरय तांदूळ गिरणीचा खात. आमच्याकडेही सुरयच. पण आमच्या पानात नाचणीची भाकरी होती, वाल होते, डाळ होती. मला वाटतं, आम्हाला त्यांनीच तारलं.

कोष्टकात त्याखाली एक ओळ आहे: कोंडा, 2.70.

त्या ओळीवर बोट ठेवून मी एकदा बाबांना हिशेब करून दाखवला. क्विंटलभर भातामागे कोंडा आठ-दहा किलोच, पण तांदळातलं बहुतेक थायमिन त्याच्याबरोबर जात होतं. मग बायका तो पांढरा तांदूळ तीन पाण्यांनी धूत, वर शिजताना पेज काढून टाकत, उरलेलंही गेलं. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “बाये, कोंड्याचा तांदूल दोन महिन्यांत खवट होतो. पोरकिडा लागतो. व्यापारी घेईल काय?” ते खरं होतं. कोंड्यातलं तेल खवटतं. मुंबईच्या दुकानात सहा महिने टिकायचा तर तांदूळ पांढराच करावा लागतो. पॉलिश हा काही कुणाचा कट नव्हता. लांबच्या गिऱ्हाइकासाठी केलेली सोय होती. पण ती सोय जवळच्या माणसाच्या ताटातही आली, आणि कुणी त्याला विचारलं नाही, हे मला अजून सलतं.

हलर 1989 मध्ये बंद झाला. शेडची जागा आता रस्त्यात आहे. आमची खाचरं होती तिथे गोदाम उभं आहे. तिथल्या खोक्यांवर मी जीवनसत्त्वांच्या गोळ्यांची नावं वाचलीत. ब-1 त्यांत असतंच. आजीचं उखळ माझ्या दाराशी आहे. त्यात मी तुळस लावू दिली नाही.

गेल्या दिवाळीनंतर भाची बाळंत झाली. मी वाडा तालुक्याच्या बाजूला एका गिरणीत गेले. आता रबराचे रोलर आलेत. ते नुसतं तूस काढू शकतात, कोंडा ठेवून. चालवणारा मुलगा विशीतला. मी म्हटलं, पॉलिश नको. तो म्हणाला, “मावशी, टिकणार नाही हा.” मी म्हटलं, ठाऊक आहे, दहाच किलो दे, सव्वा महिन्याला पुरेल एवढा.